संगणकातील पाहुण्याची सोय

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपल्या संस्थेच्या पन्नास वर्षांचा इतिहास आपणांसमोर उभा केला. माझा अधिकार तेवढा मोठा नाही. मी गणित आणि विज्ञान शिकविणारा एक साधा शिक्षक. संस्थेच्या संगणक वर्गाचे संध्याकाळचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, “आमच्या वर्गात एकदा एक बिघाड झाला होता, त्याविषयी बोलतो.” चिटणीस हसले. महोत्सवात बिघाडाची कथा कोणी सांगत नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु त्या बिघाडापायी संस्थेचे पावणेदोन लाख रुपये अकारण खर्च व्हावयाचे होते, आणि तो खर्च सुचविणारा मनुष्य आज आपल्यासमोर उभा आहे. म्हणून विषय थोडा रुक्ष वाटला तरी आपण सांभाळून घ्यावे, अशी विनंती आहे.

आपल्या वर्गात बारा संगणक आहेत. ते जुने असून निरनिराळ्या दात्यांकडून आलेले आहेत. सकाळी त्यांच्यावर वाणिज्य शाखेची मुले हिशेब लिहावयास शिकतात. त्यांचे काम विंडोजवर चालते. संध्याकाळी पदविका आणि बी.सी.ए.ची मुले येतात. त्यांना लिनक्स या दुसऱ्या प्रणालीचा सराव हवा असतो, कारण त्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षा तिच्यावर होतात. दोन प्रकारच्या मुलांसाठी दोन खोल्या आणि चोवीस संगणक घेण्याची आपली ऐपत नाही. मग एकाच यंत्रावर दोन्ही कामे कशी करावयाची?

याला उपाय आहे. संगणकाच्या आत आणखी एक संगणक मांडता येतो. हा आतला संगणक हाताला लागत नाही, तो केवळ एका खिडकीत दिसतो. पण त्याची स्वतःची स्मृती असते, स्वतःची तबकडी असते, आणि आपण खऱ्याच यंत्रात बसलो आहोत अशी त्याची समजूत असते. याला आभासी यंत्र म्हणतात. ही कल्पना नवीन नव्हे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज येथील तज्ज्ञांनी एका अवाढव्य संगणकात अनेक स्वतंत्र संगणकांचा आभास निर्माण करून दाखविला. १९७२ मध्ये ‘व्ही.एम./३७०’ या नावाने ती सोय गिऱ्हाइकांना मिळू लागली. टेबलावरच्या साध्या संगणकावर ती रूढ करण्यात व्हीएमवेअर कंपनीच्या १९९९ मधील प्रणालीचा वाटा मोठा आहे. आम्ही वर्गात वापरतो ते व्हर्च्युअलबॉक्स. जर्मनीतील इनोटेक कंपनीने ते २००७ मध्ये सर्वांसाठी खुले केले. २००८ मध्ये ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या मालकीची झाली. ते फुकट मिळते, आणि आपल्यासारख्या संस्थेस ही गोष्ट लहान नाही.

या शास्त्रात बाहेरच्या खऱ्या संगणकाला ‘यजमान’ आणि आतल्या आभासी संगणकाला ‘पाहुणा’ म्हणतात. इंग्रजीतही हेच दोन शब्द आहेत. आमच्या वर्गात यजमान विंडोज आणि पाहुणा लिनक्स. लिनक्सचे अनेक वंश आहेत, त्यांपैकी डेबियन नावाच्या वंशाची बारावी आवृत्ती आम्ही घेतली, कारण ती जुन्या यंत्रावर फारशी अडखळत नाही.

आता पाहुणा घरात आला म्हणजे लगेच घरच्यासारखा वावरत नाही. सुरुवातीला हा आतला लिनक्स एका लहानशा चौकटीत अंग चोरून बसतो. खिडकी मोठी केली तरी त्याचा पडदा मोठा होत नाही. बाहेर लिहिलेला मजकूर उचलून आत ठेवता येत नाही. यजमानाच्या तबकडीवरचा एखादा कप्पा दोघांनी मिळून वापरावा म्हटले, तर पाहुण्याला तो दिसतच नाही. हा संकोच दूर करण्यासाठी एक पूरक सामग्री मिळते, तिला ‘गेस्ट ॲडिशन्स’ म्हणतात. व्हीएमवेअरमध्ये तिचेच नाव ‘टूल्स’ असे आहे. ही सामग्री यजमानात नव्हे, तर पाहुण्याच्या आत बसवावी लागते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पुष्कळ नवशिके येथेच चुकतात.

ही सामग्री बसविताना काय घडते, तेही थोडक्यात सांगतो, कारण पुढची सारी कथा त्यावर अवलंबून आहे. लिनक्सच्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. आपल्या कॅम्पातील मराठा लाइट इन्फंट्रीचे कर्नल ते हे नव्हेत, परंतु हुकूम चालविण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही. पाहुण्याने यजमानाशी बोलावे, तर त्या गाभ्याला काही नवे भाग जोडावे लागतात. ते भाग तयार मिळत नाहीत, जागेवर शिवून घ्यावे लागतात. शिवणारी साधने म्हणजे ‘जी.सी.सी.’, ‘मेक’ आणि ‘पर्ल’ हे तीन कार्यक्रम. आणि मापे? ती ‘कर्नेल हेडर्स’ नावाच्या संचात असतात. शिंप्याच्या वहीत गिऱ्हाइकाची मापे असावीत, तसा हा संच. मात्र हे गिऱ्हाईक विलक्षण काटेकोर आहे. गाभ्याचा अनुक्रमांक एकाने जरी बदलला, तरी मागच्या मापाचा सदरा त्याला चालत नाही. माप नवे घ्यावे लागते.

इतके समजले म्हणजे आता मी माझ्या फजितीकडे वळतो.

२०२४ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. बेळगावचा पाऊस आपणां सर्वांना ठाऊक आहे, तो एकदा लागला की भिंतीसुद्धा घाम फोडतात. एका सोमवारी मगरीबच्या नमाजानंतर मी वर्गावर पोचलो, तो मुले खोळंबून उभी. खिडकीकडच्या ओळीतल्या सातही यंत्रांत लिनक्सचा पडदा आक्रसून लहान झाला होता, आणि सामाईक कप्पा दिसेनासा झाला होता. मुलांचा महिनाभराचा सराव त्या कप्प्यात होता. आतल्या भिंतीकडची पाच यंत्रे मात्र ठणठणीत होती. मी खिडकीकडे पाहिले. तावदानातून पाणी झिरपत होते. मी मनात निदान करून टाकले की यंत्रांना ओल लागली.

त्या निदानावर मी पुढचे चार दिवस इमारत उभी केली. तरीही काही तरी करावे म्हणून गेस्ट ॲडिशन्स काढून पुन्हा बसविल्या. यश आले नाही. म्हणून एका यंत्रात पाहुण्याची स्मृती वाढविली, दुसऱ्यात पडद्यासाठी राखलेली स्मृती वाढविली, तिसऱ्यात चित्रनियंत्रकाचा प्रकारच बदलला. चौथ्यात यजमानाच्या आवृत्तीशी न जुळणारी नवी सामग्री उतरवून बसविली. दर वेळी पडद्यावर ओळींची एक रांग सरकत जाई, शेवटी यंत्र पुन्हा सुरू करा अशी सूचना येई. मी आज्ञाधारकपणे सुरू करी, आणि पडदा पहिल्यासारखाच लहान. गुरुवारपर्यंत सातही यंत्रांची सात प्रकारची अवस्था झाली होती. मूळ बिघाड कोणता आणि माझ्या हातचा कोणता, हे मलाच सांगता येईना. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी ती तऱ्हा.

शुक्रवारी मी विश्वस्त मंडळाकडे टिपण पाठविले. “खिडकीकडील सात संगणक दमट हवेने निकामी झाले असून ते बदलणे आवश्यक आहे.” सात संगणकांचे पावणेदोन लाख. मंडळाची बैठक रविवारी होती. खजिनदारांनी मला बोलावून शांतपणे सांगितले, “मास्तर, पैसे शिष्यवृत्ती निधीतूनच काढावे लागतील. दुसरीकडे कोठे आहेत? यंदा अकरावीच्या मुलींना देता येणार नाही, इतकेच.” मी मान हलविली. शिक्षकाने मान हलविली म्हणजे मंडळी ती खरी मानतात, ही जबाबदारी त्या क्षणी माझ्या ध्यानात आली नाही.

शनिवारी पाऊस कोसळत होता. वर्ग सुटल्यावर एका विद्यार्थिनीचे वडील तिला न्यायला आले. ते उद्यमबागेत एका फाउंड्रीत साचेकामगार आहेत. छत्री दाराशी टेकवून ते आत आले. मी हताशपणे बसलेला पाहून त्यांनी विचारपूस केली. मी हकिगत सांगितली.

त्यांनी विचारले, “मास्तर, सातबी एकदम गेले, की एकेक करून?”

मी म्हटले, “एकदम. सोमवारी संध्याकाळी सगळे तसेच दिसले.”

ते म्हणाले, “आमच्यात एका दिवसाच्या सगळ्या मालाला भोकं पडली, तर आम्ही एकेक साचा तपासत बसत नाही. त्या दिवशी वाळू ओली होती काय, धातू कसला होता, ते बघतो. सगळ्यांत सारखं काय आहे, ते आधी हुडकायचं.”

मी विजयी मुद्रेने म्हटले, “तेच मी म्हणतो. सारखी आहे ती ओल.”

तेव्हा त्यांची मुलगी, आजवर वर्गात क्वचितच तोंड उघडणारी, हळूच म्हणाली, “सर, ओल असती तर विंडोजपण बिघडली असती की. सकाळच्या वर्गाची तर काहीच तक्रार नाही.”

बंधुभगिनींनो, वीस वर्षे मी मुलांना कार्यकारणभाव शिकवीत आलो आहे. त्या एका वाक्याने माझे चार दिवसांचे शास्त्र कोसळले. यजमान आणि पाहुणा एकाच लोखंडावर, एकाच तारेवर, एकाच स्मृतीवर जगतात. लोखंड भिजले असते, तर आधी यजमान शिंकला असता. बिघाड फक्त पाहुण्यात होता, म्हणजे कारणही पाहुण्यातच शोधावयास हवे होते.

मी पुन्हा एकदा सामग्री बसवावयास घेतली, आणि तिला शेजारी बसवून म्हटले, “ओळी सरकतील त्या तू वाच. मी वाचल्या तर मला हव्या त्याच दिसतात.” ती वाचीत गेली. शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली. तेथे स्पष्ट लिहिले होते की, ‘६.१.०-२३’ या कर्नेलसाठी लागणारे हेडर्स सापडले नाहीत. ते बसवा आणि अमुक आज्ञा पुन्हा चालवा. रोग आणि औषध दोन्ही एका ओळीत! ती ओळ या चार दिवसांत निदान दहा वेळा माझ्या डोळ्यांसमोरून गेली असेल. मी दर वेळी तिला इतर ओळींसारखी वाटेवरची गर्दी समजलो होतो.

मग आम्ही आतल्या ओळीतल्या चांगल्या यंत्रावर गेलो. तेथे ‘युनेम’ ही आज्ञा, तिच्यापुढे आडवी रेघ आणि ‘आर’ हे अक्षर असे लिहिले. ही आज्ञा चालू कर्नेलचा क्रमांक सांगते. उत्तर आले ‘६.१.०-२२’. खिडकीकडे येऊन तेच विचारले, तर ‘६.१.०-२३’. बावीस आणि तेवीस! पाच यंत्रे बावीसवर थांबली होती आणि सात तेवीसवर गेली होती. ती गेली कशी? मुलगी खाली वाकली आणि तिने बोट दाखविले. इंटरनेटची तार खिडकीकडून आत येते आणि त्या ओळीपर्यंतच पोचते. आतल्या पाच यंत्रांना ती कधीच पोचलेली नाही.

सारे उलगडले. सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या सुधारणा आपोआप उतरवून घेण्याची सोय मीच चालू करून ठेवली होती, आणि ते योग्यच होते. त्यायोगे सात यंत्रांतील पाहुण्यांना नवा कर्नेल मिळाला. परंतु हेडर्स बसविताना मी चूक केली होती. नव्या कर्नेलबरोबर नवे हेडर्स आपोआप यावेत, यासाठी डेबियनमध्ये एक सर्वसाधारण संच असतो. तो न घेता मी फक्त बावीस क्रमांकाचा संच घेऊन मोकळा झालो होतो. शरीर बदलले आणि मापाची वही मागची राहिली. दर वेळी सुरू होताना ही पूरक सामग्री आपले भाग नव्याने शिवून घेण्याचा प्रयत्न करीत होती, पण माप नाही म्हणून हात टेकीत होती. खिडकी खरीच कारणीभूत होती, पण तिच्यातून येणारे पाणी नव्हे, तर तिच्यातून येणारी तार.

त्या रात्री साडेनवापर्यंत आम्ही बसलो. प्रथम एकाच यंत्रावर सर्वसाधारण हेडर्सचा संच घेतला, मग सामग्रीची ‘सेटअप’ची आज्ञा पुन्हा चालविली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा खिडकीभर पसरला. मुलीच्या वडिलांनी टाळी वाजविली. तेच औषध दुसऱ्याला, तिसऱ्याला दिले. तीन यंत्रे मात्र तरीही सुधारली नाहीत, कारण त्यांत माझे प्रयोग शिल्लक होते. चित्रनियंत्रक पूर्ववत केला, भलत्या आवृत्तीची सामग्री काढून यजमानाशी जुळणारी घातली, तेव्हा त्यांतली दोन मार्गी लागली. शेवटच्या यंत्रात कप्पा दिसे, पण आत शिरू देईना. गडबडीत मी तेथे नवा वापरकर्ता तयार केला होता आणि त्याला ‘व्हीबॉक्सएसएफ’ या गटात घालावयास विसरलो होतो. सामाईक कप्प्याची किल्ली त्या गटाच्या सभासदांनाच मिळते. नाव गटात घातले, बाहेर पडून पुन्हा आत आलो, आणि मुलांचा महिन्याभराचा सराव जसाच्या तसा सापडला.

रविवारी मी बैठकीत उभा राहून टिपण मागे घेतले आणि कारणही सांगितले. खजिनदार एवढेच म्हणाले, “बरे झाले मास्तर, शनिवारी पाऊस होता.” शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या.

आता या प्रसंगातून जी पद्धत आम्ही वर्गात बसविली, ती सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुले-नातवंडे ही यंत्रे हाताळतात, त्यांना तिचा उपयोग व्हावा.

पहिला प्रश्न, बिघाड यजमानात आहे की पाहुण्यात? यजमान नीट चालत असेल, तर लोखंडाला दोष देण्याची घाई करू नये. पाहुणा मुळी उठतच नसेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा यंत्राच्या मूळ मांडणीत आभासीकरणाची सोय बंद आहे काय, ते पाहावे. पण पाहुणा उठतो आणि फक्त त्याचा पडदा किंवा कप्पा बिघडलेला आहे, तर दोष बहुतेक पूरक सामग्रीच्या जोडणीत असतो.

दुसरा प्रश्न, हे कधीपासून आणि त्याच्या आधी काय बदलले? काल चालत होते ते आज चालत नाही, तर काल आणि आज यांच्यामध्ये काही तरी घडलेच आहे. आपण केले नसेल, तर यंत्राने आपोआप केले असेल.

तिसरी गोष्ट, संदेश शेवटपर्यंत वाचावा. ओळी वेगाने गेल्या तर घाबरू नये, त्या सर्व लिहून ठेवलेल्या असतात. लिनक्सच्या ‘व्हार’ या कप्प्यातील ‘लॉग’ नावाच्या उपकप्प्यात ‘व्हीबॉक्सॲड-सेटअप’ या नावाची नोंद मिळते. ती उघडावी आणि पहिली तक्रार कोठे आहे ते पाहावे. शेवटची तक्रार पुष्कळदा पहिलीचीच लेक असते.

चौथी गोष्ट, तक्रारीवरून निदान करावे, सवयीवरून नव्हे. ‘हेडर्स नाहीत’ असे म्हटले, तर मापाची वही आणावी. ‘जी.सी.सी., मेक, पर्ल बसवा’ असे म्हटले, तर शिवणाची साधने नाहीत. ‘किल्ली नाकारली’ अशा अर्थाची ओळ आली, तर पाहुण्यात ‘सिक्युअर बूट’ चालू आहे. ज्यावर ओळखीची सही नाही, असा भाग तो आत घेत नाही. अशा वेळी त्या भागांवर सही करून ती नोंदवावी, किंवा केवळ सरावाचे यंत्र असेल तर त्या पाहुण्यापुरती ती तपासणी बंद ठेवावी. आभासी तबकडी घालताच येत नाही असा संदेश आला, तर पाहुण्याला तबकडीचे यंत्रच दिलेले नसते, किंवा आधीची तबकडी अडकून बसलेली असते. आधी ती काढावी. तबकडी आत आहे पण कार्यक्रम चालविण्यास परवानगी नाही असे म्हणत असेल, तर तो नुसत्या नावाने न चालविता आज्ञेच्या आरंभी ‘एस.एच.’ ही दोन अक्षरे लिहावीत, म्हणजे बहुतेक वेळा अडथळा दूर होतो.

विंडोज पाहुणा असेल तर शिवणकाम नसते, भाग तयारच मिळतात. तेथे अडचण येते ती बहुधा अधिकाराची किंवा सहीची. व्यवस्थापकाच्या अधिकाराने बसवावे आणि नंतर यंत्र पुन्हा सुरू करावे. जुन्या विंडोज ७ ला नव्या पद्धतीची सही ओळखता यावी, यासाठी २०१९ मधील एक सुधारणा आधी घालावी लागते.

आणखी एक सावधगिरी. काही लिनक्स आवृत्त्या ही पूरक सामग्री आपल्याच भांडारातून देतात. शिवाय लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्येच यातील काही भाग २०१८ पासून, आणि सामाईक कप्प्याचा भाग २०२० पासून, आलेले आहेत. म्हणून भांडारातली सामग्री आणि तबकडीवरची सामग्री दोन्ही एकावर एक घालू नयेत. एक निवडावी, दुसरी पूर्ण काढावी.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, एका वेळी एकच बदल करावा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्याची आहे ती अवस्था जतन करून ठेवण्याची सोय आहे, तिला ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. बदल करण्यापूर्वी तो घ्यावा. बदल फसला तर मागे परतावे, आणि मगच दुसरा करावा. ती सोय मला ठाऊक होती. तरी मी ती वापरली नाही, कारण मला खात्री होती की माझा पुढचा प्रयत्न यशस्वीच होईल. अशी खात्री हेच पुष्कळ बिघाडांचे मूळ असते.

आता आमच्या प्रत्येक यंत्रापाशी एक शंभर पानी वही दोरीने बांधलेली आहे. कोणी काय बदलले, कधी बदलले, पडद्यावर कोणती ओळ आली, हे मुले त्यात लिहितात. मराठीत लिहितात, इंग्रजीत लिहितात, काही कानडीत लिहितात, मी हरकत घेत नाही. पहिल्या वहीचे पहिले पान त्या मुलीच्या हातचे आहे. ती स्वतःही त्या वर्षी आपल्या शिष्यवृत्तीवर शिकत होती, हे मला बैठकीनंतर यादी पाहताना कळले. मी जे टिपण पाठविले होते, त्याने तिचेच शिक्षण अडले असते, आणि ते टिपण खोटे आहे हे तिनेच मला दाखविले.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मंडळापुढे माझ्या दोन नम्र विनंत्या आहेत. पहिली, आतल्या भिंतीकडच्या पाच यंत्रांपर्यंत इंटरनेटची तार नेण्यास संमती द्यावी. त्यांना सुरक्षिततेच्या सुधारणा मिळत नाहीत, आणि धडधाकट दिसतात म्हणून त्यांना तसेच सोडणे बरे नव्हे. हेडर्सचा योग्य संच मी आधी त्यांत घालीन. तो आतल्या यंत्रांत कसा घालावा याची टिपणे वहीत आहेत. खर्च तारेच्या लांबीएवढाच येईल. दुसरी विनंती, यापुढे माझ्यासारख्या कोणीही शिक्षकाने ‘यंत्र निकामी झाले’ असे लिहून पाठविले, तर मंडळाने पैसे मंजूर करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, “मास्तर, वही पाहू.” नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी मुलांना दरवर्षी शिकवितो. ती स्वतःला लागू करावयास मला चार दिवस आणि एका मुलीची मदत लागली.